एकोणीस घरांतला आवाज

मुंबईहून परतून दोन महिने होत आले, तरी वाचनालयात येणारं कुणी ना कुणी अजून विचारतं, "बाई, काय काय पाहिलंत?" खरं सांगायचं तर लोक मुंबईला जाऊन जे पाहतात, त्यातलं मी फारसं काही पाहिलं नाही. समुद्र दिसला तो टॅक्सीच्या खिडकीतून. बाकी पाच दिवस मी लोकांच्या घरी गेले, चहा प्याले, आणि कुणाच्या कपाटावर, कुणाच्या देव्हाऱ्याखाली, कुणाच्या शिलाई मशीनशेजारी ठेवलेली जेवणाच्या डब्याएवढी काळी खोकी पाहिली. त्या खोक्यांसाठीच मी गेले होते.

आमचं वाचनालय कृष्णाकाठी आहे. अकरा वर्षं खपून आम्ही जुने कागद कॉम्प्युटरवर घेतले होते: शिळाप्रेसवर छापलेली गावची वृत्तपत्रं, नाटक मंडळींच्या जाहिराती, घरोघरच्या रोजनिशा. सगळं एका कॉम्प्युटरमध्ये, आणि त्याची प्रत एका डिस्कवर. ती डिस्क मीच त्याच खोलीत, सगळ्यात वरच्या फळीवर ठेवली होती. पुराचं पाणी त्या फळीच्याही वर गेलं. कागद आम्ही दोऱ्यांवर वाळवले, त्यातले अर्धे हाती लागले. कॉम्प्युटर आणि डिस्क एकाच चिखलातून निघाली.

पुन्हा सुरुवात करायची ठरली तेव्हा समितीचे अध्यक्ष देशमुख अण्णा म्हणाले, यंदा मोठा कॉम्प्युटर घेऊ आणि वरच्या मजल्यावर ठेवू. त्याच सुमारास एका ग्रंथपाल मेळाव्यात मला लालबागच्या शुभांगी परब यांच्याबद्दल कळलं. गिरणी कामगारांचे आवाज, फोटो, पत्रकं त्यांनी कुठल्याही एका ठिकाणी न ठेवता लोकांच्या घरांत वाटून ठेवली आहेत, असं तिथे कुणी तरी सांगितलं. मी पत्र पाठवलं, त्यांचा फोन आला, "येऊन बघा." अण्णांना कल्पना पसंत नव्हती. संस्थेचा ठेवा परक्याच्या घरात ठेवायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. तरी त्यांनी जाऊ दिलं. एवढंच सांगितलं की परत आल्यावर हो किंवा नाही, स्पष्ट सांगा.

लालबाग

शुभांगीबाई चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर राहतात. गॅलरीत उभं राहिलं की समोर एक पन्नास मजली टॉवर दिसतो. तो जिथे उभा आहे तिथे त्यांच्या वडिलांची गिरणी होती. वडील कताई खात्यात होते. गिरणी कामगारांचा मोठा संप झाला तेव्हा शुभांगीबाई पाचवीत होत्या. घरातले सगळे मालवणला गावी गेले, वर्षभराने परत आले, पण वडिलांना पुन्हा काही गिरणीत घेतलं नाही. पुढे शुभांगीबाई टेलिफोन खात्यात लागल्या, एक्स्चेंजमध्ये तारा जोडण्यात पंचवीस वर्षं गेली, आणि लवकर निवृत्ती घेऊन आता हे काम करतात. बोलणं भराभर, अर्धी वाक्यं तोडून, मधूनच मालवणी. मला पहिल्या तासातच 'ताई' म्हणायला लागल्या.

एक गोष्ट लगेच लक्षात आली. इथली माणसं काळ मोजतात तो संपाने. लग्न संपाआधीचं, मुलगी संपानंतरची, फ्रिज संप मोडल्यावर किती तरी वर्षांनी घेतलेला. आमच्याकडे हल्ली पुरावरून असं बोलतात.

जेवायला आंबोळ्या आणि काळ्या वाटाण्याची उसळ होती. आमच्याकडे भाकरी पोटाला आधार देते. आंबोळी आधार वगैरे देत नाही, नुसती खात राहावीशी वाटते. मी सहा खाल्ल्या. त्या वाढता वाढता सांगत होत्या. गिरण्या गेल्या, टॉवर आले, तेव्हा म्हाताऱ्या कामगारांना एकेक करून बोलतं केलं आणि ते आवाज ध्वनिमुद्रित केले. ते सगळं एका संस्थेच्या कॉम्प्युटरमध्ये ठेवलं होतं. संस्थेची जागा गेली, खोलीला कुलूप लागलं, आणि कॉम्प्युटर भंगारात गेल्याचं यांना सहा महिन्यांनी समजलं. चाळीस माणसांचे आवाज गेले. त्यातली बरीचशी माणसं तोवर वारलीही होती.

"मग ठरवलं," त्या म्हणाल्या, "एका किल्लीखाली काही ठेवायचं नाही."

आता एकोणीस घरांत एकोणीस खोकी आहेत. लालबाग, परळ, भोईवाडा, नायगाव, वरळी, गिरगाव. एखादी मुलाखत आली की तिचे तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला त्याच्या मजकुरावरूनच एक लांबलचक खूण मिळते, माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी. तुकड्यात एक अक्षर जरी बदललं तरी ठसा वेगळा येतो. मग तो तुकडा तीन वेगवेगळ्या घरांत जाऊन बसतो.

मी ग्रंथपाल. माझा पहिला प्रश्न अर्थातच यादीचा होता. कुठला तुकडा कुठे आहे, हे लिहिलेलं रजिस्टर कुणाकडे?

"कुणाकडेच नाही," त्या म्हणाल्या.

माझा चेहरा पाहून त्यांनी समजावलं. प्रत्येक खोकं आपले पाच-सहा शेजारी तेवढे ओळखतं. मागितलेला ठसा आपल्याकडे नसला, तर तशा ठशांच्या अधिक जवळ असलेल्या शेजाऱ्याचं नाव सांगतं. तो त्याच्या पुढच्याचं. नवखा माणूस चाळीत पत्ता विचारत येतो, तेव्हा जिन्यातला म्हणतो मला नाही माहीत, दुसऱ्या मजल्यावर विचारा. दुसऱ्या मजल्यावरची म्हणते, ते टोकाच्या खोलीत. तिघांना विचारून माणूस दारात पोहोचतोच. तुकडा हाती आला की त्याचा ठसा पुन्हा काढून बघायचा. जुळला तर तो खरा, मग तो कुणाच्याही घरून येवो.

समजलं. पण विश्वास बसला नव्हता, हेही तितकंच खरं.

गिरगाव

दुसऱ्या दिवशी शुभांगीबाईंना काम होतं म्हणून मी एकटीच गिरगावात वैद्य यांच्याकडे गेले. वैद्य बंदरातल्या एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. कपड्यांची इस्त्री, बोलण्याची इस्त्री, दोन्ही एकसारखी. गिरणीशी त्यांच्या घराण्याचा काही संबंध नव्हता. संपाच्या वेळी ते कचेरीत जाता-येता मोर्चे पाहायचे आणि आपल्याला काय त्याचं, असं म्हणून पुढे जायचे. ते त्यांना आता बोचतं. खोकं ठेवायला घर हवंय असं कळलं तेव्हा ते स्वतःहून लालबागला गेले. हे त्यांनी मला अगदी साध्या सुरात सांगितलं, खिडकीबाहेर पाहत.

थालीपीठ झालं, ताक झालं. ते आत औषध घ्यायला गेले आणि माझ्या मोबाइलची बॅटरी संपत आली होती, म्हणून मी कोपऱ्यातला एक प्लग काढून तिथे माझा चार्जर लावला. दहा-बारा मिनिटं गेली असतील. वैद्यांचा फोन वाजला. शुभांगीबाई लालबागहून विचारत होत्या की तुमचं घर गप्प का झालंय.

वैद्यांनी कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर थोडं बाजूला केलं. त्यामागे सुरेख अक्षरात लिहिलेली चिठ्ठी होती: 'हा प्लग कृपया काढू नये.' कॅलेंडर त्यांच्या सूनबाईंनी परवाच तिथे लावलं होतं. माझे कान तापले. वैद्य मात्र चक्क खूश झाले होते. "पाहिलंत? दहा मिनिटांत चौकशी झाली," ते म्हणाले.

मग त्यांनी ते चौकशीचं प्रकरण उलगडून सांगितलं. सगळी खोकी दर थोड्या वेळाने शेजाऱ्याला हाक मारतात, आहेस का म्हणून. ओ आली नाही की नोंद होते. पण लगेच धावाधाव करत नाहीत. वीज जाते, कुणी पाहुणी प्लग काढते, असं चालायचंच. चार दिवस वाट पाहतात. चार दिवसांनंतरही घर गप्पच राहिलं, तर त्या घरात जे तुकडे होते त्यांच्या उरलेल्या प्रतींवरून नवी प्रत करून दुसऱ्या एखाद्या घरात ठेवतात. कुणी सांगावं लागत नाही. मी प्लग पुन्हा लावला तेव्हा खोक्यावरचा हिरवा दिवा लागला, आणि शुभांगीबाईंचा निरोप आला, 'आलं.'

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा अण्णांना फोन करून म्हटलं, काही तरी दम आहे यात.

वरळी

शनिवारी सकाळी वरळी कोळीवाड्यात नंदाकडे. नंदा पंचेचाळिशीची, दादरच्या बाजारात मासळीचा गाळा चालवते. तिच्या घराला रंग लागत होता. भांडी, गाद्या, खुर्च्या सगळं अंगणात मांडलेलं, आणि त्या पसाऱ्यात बसून आम्ही तांदळाची भाकरी आणि ओल्या बोंबलाचं कालवण खाल्लं. मी घाटावरची, मटण खाणारी. मासा म्हणजे नदीतला, काट्यांचा. बोंबलाला काटा असा नाहीच म्हटलं तरी चालेल, हे ठाऊक नसल्याने मी इतकं जपून खात होते की नंदाची सासू मला लहान मुलीसारखी भरवायला निघाली.

संपात कोळीवाड्यानेही घरं सांभाळली होती. नंदाच्या सासूने तेव्हा वरळीच्या बीडीडी चाळींत, कामगारांच्या वस्तीत, टोपलीभर सुका म्हावरा नेऊन दारोदार दिला होता. ही गोष्ट सासूने मला तीनदा सांगितली आणि तिन्ही वेळा टोपली थोडी मोठी झाली. म्हणून खोकं ठेवायची वेळ आली तेव्हा तिने नंदाला विचारलंसुद्धा नाही, परस्पर हो म्हणून टाकलं.

खोकं कपाटावर होतं. दुपारनंतर त्या भिंतीला रंग लागायचा होता, त्यामुळे ते सोमवारपर्यंत बंद राहील, असं नंदाने शुभांगीबाईंना कळवलं होतं. हरकत नव्हती. दोन घरं उरतातच. दुपारी मी नंदाबरोबर दादरला तिच्या गाळ्यावर गेले, तासभर तिच्या शेजारी पाटावर बसले, आणि सुरमई कशी निवडायची ते शिकले. आमच्या गावी त्याचा उपयोग शून्य.

नायगाव

रविवार हा या प्रवासातला ज्याच्यासाठी जावं असा दिवस होता.

नायगावच्या बीडीडी चाळीतली एक इमारत पाडायची होती. त्या जागी टॉवर होणार, तोपर्यंत माणसांनी भाड्याच्या जागेत राहायचं. शेवटची काही कुटुंबं त्या दिवशी निघणार होती. त्यांत तात्या जाधव आणि त्यांची बायको हिराबाई. तात्या साचे खात्यात, म्हणजे मागावर, कापड विणायचे. संपात पटांगणात उभं राहून बोलायचे, आणि त्यांचा आवाज भोंग्याशिवाय तिसऱ्या मजल्यावर ऐकू यायचा, असं अजून सांगतात. चार वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनात तो आवाज गेला. आता ते पाटीवर लिहून बोलतात. ते साताऱ्याकडचे, त्यामुळे मी आमच्या बोलीत दोन शब्द बोलले तसे त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि पाटीवर लिहिलं, 'आपल्याकडची.'

ऑपरेशनच्या आदल्या वर्षी शुभांगीबाईंनी त्यांची चाळीस मिनिटांची मुलाखत घेतली होती. खोली सोडायच्या दिवशी ती पटांगणात सगळ्यांना ऐकवावी, ही तात्यांची इच्छा. शुभांगीबाई पेन ड्राइव्हवर उतरवून आणणार होत्या. तात्यांनी नाही म्हटलं. पाटीवर लिहून दिलं, 'घराघरातनं येऊ दे.'

हिराबाईंनी ती मुलाखत एकदाही ऐकली नव्हती. त्यांना सगळे मावशी म्हणतात, कारण संपाआधीपासून त्या खानावळ चालवायच्या, गावाहून एकटे आलेले कामगार त्यांच्या खोलीत पाळीपाळीने जेवायचे. नवऱ्याचा गेलेला आवाज यंत्रातून ऐकायला त्यांना नको वाटायचं. त्या दिवशी मात्र शेजारणींनी हाताला धरून खुर्चीवर बसवलं. त्या बसल्या, पण खुर्चीच्या अगदी कडेला.

पाच वाजले होते. पटांगणात शे-दीडशे माणसं, मंडळाच्या खुर्च्या, एका बाकावर शुभांगीबाईंचा लॅपटॉप, शेजारी स्पीकर. सुरू केलं आणि तात्यांचा आवाज आला. भरदार, खालून येणारा, किंचित खरखरीत. मी तो पहिल्यांदा ऐकत होते, तरी अंगावर काटा आला. तात्या डोळे मिटून बसले होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात तुकडा कुठल्या घरून आला ते बारीक अक्षरांत येत होतं: परळ, गिरगाव, लालबाग, पुन्हा परळ. विणकाम कसं शिकले, पहिला पगार, पहिली पाळी, मग संप. पंचवीसेक मिनिटं झाली. आवाज म्हणाला, "मग मी हिराला म्हणलं," आणि थांबला.

आम्हाला वाटलं, तात्याच थांबले असतील बोलता बोलता. पण स्क्रीनवर एक गोल फिरत राहिला.

शुभांगीबाईंनी कीबोर्डवर बोटं चालवली. मला जवळ बोलावून हळूच सांगितलं. हा एक तुकडा वरळी, भोईवाडा आणि खुद्द तात्यांच्या खोलीत होता. वरळीचं खोकं रंगासाठी बंद. भोईवाड्याच्या खोक्याची डिस्क सकाळीच मेली होती. आणि तात्यांच्या खोलीतलं खोकं सगळ्यात शेवटी काढायचं ठरलं असताना सामान भरणाऱ्यांनी दुपारी ते भांड्यांच्या पोत्यात घालून ट्रकवर चढवलं होतं. ट्रक काळाचौकीला पोहोचला होता आणि पोतं दोन कपाटांखाली होतं. चार दिवस झाले असते तर नवी प्रत झाली असती. चार दिवस झाले नव्हते. शुक्रवारी त्यांनी सगळे तुकडे तपासले होते, तेव्हा तिन्ही घरं चालू होती.

नंदाला फोन लावला. वाजत राहिला. तिच्या घरचा दुसरा नंबर कुणाकडे नव्हता. ती गाळ्यावर असणार, हात मासळीत.

"मावशी आत्ता उठल्या ना," शुभांगीबाई म्हणाल्या, "तर परत बसायच्या नाहीत."

मावशींनी पदर खोचायला घेतलाच होता. चहा टाकते म्हणत होत्या.

शुभांगीबाईंना लॅपटॉप सोडता येत नव्हता. नंदाचा गाळा मी पाहिला होता. मी निघाले. टॅक्सी मिळाली, दादर जवळच आहे, पण रविवारची संध्याकाळ. शेवटचं अंतर मी उतरून चालत, खरं म्हणजे पळत गाठलं. माझं वय अठ्ठावन्न, पायात साधी चप्पल, आणि बाजारातली फरशी ओली. एकदा बसलेच खाली. एका कोळणीने उठवलं आणि विचारलं, काय घ्यायचंय एवढ्या घाईत.

नंदा पापलेट साफ करत होती. मी धापा टाकत सांगितलं. तिने कोयता खाली ठेवला, हात बादलीत बुचकळले, बर्फाच्या पेटीमागून प्लास्टिकच्या पिशवीतला फोन काढला आणि घरी सासऱ्यांना लावला.

"बाबा, कपाट सरकवा. वर डबा आहे ना काळा, त्याचा प्लग मागे लावा. असू दे ओला रंग. नाही, तो टीव्हीचा. त्याच्या बाजूचा." मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. "दिवा लागला? कुठला? हिरवा?" तिने माझ्याकडे पाहून मान हलवली.

फोन ठेवल्यावर तिने विचारलं, "माझ्यामुळे अडलं?"

मी म्हटलं, तीन घरं एकदम बंद पडली, तुझा एकटीचा दोष नाही.

"तरी पण. आजच्या दिवशी आमचं घर गप्प राहायला नको होतं."

गाळा शेजारणीवर सोपवून ती माझ्याबरोबरच निघाली. हात धुतले तरी टॅक्सीभर मासळीचा वास होता, आणि ड्रायव्हरने काही बोलू नये म्हणून तीच सगळा वेळ बोलत होती, संपाबद्दल, सासूच्या टोपलीबद्दल, तात्यांबद्दल.

चाळीच्या गल्लीत शिरलो आणि मला माणसं दिसण्याआधी आवाज ऐकू आला. इमारतीच्या कोपऱ्यावरून तो येत होता.

"...मी हिराला म्हणलं, बंद कर आता खानावळ. आणायचं कुठनं? ती म्हणाली, गावाकडनं जे येईल ते शिजवीन. एकवीस जणं जेवायची, बाई. आमच्या एका खोलीत, पाळीनं. दीड वर्सात तिची चूल एक दिस बंद न्हवती. कधी नुसती आमटी, कधी नाचणीची आंबील, पण ताट रिकामं ठेवलं न्हाई. आमी भाषणं करायचो ती त्या अन्नावर. माझं नाव लिहून घेतलंसा, तिचंबी लिवा. हिराबाई तुकाराम जाधव."

मी आणि नंदा कोपऱ्यावरच उभ्या राहिलो. पटांगणात कुणी हललं नव्हतं. मी गेल्यापासून पस्तीस मिनिटं झाली होती; खोकं जागं होऊन तुकडा पोहोचायला वेळ लागला होता. नंतर कळलं की मावशींना चहा टाकायला कुणी उठूच दिलं नव्हतं. चहा चौथ्या खोलीतल्या पोलीस हवालदाराने केला होता, आणि मावशींच्या हातातही कप दिला होता. स्क्रीनच्या कोपऱ्यात लिहिलेलं मला शुभांगीबाईंनी दाखवलं: 'वरळी कोळीवाडा. ठसा जुळला.' नंदाने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि कुणाला तरी दाखवावं म्हणून मोबाइलवर त्याचा फोटो काढला.

उरलेली मुलाखत संपली. टाळ्या अशा वाजल्या नाहीत. माणसं उठून एकेक करून मावशींपाशी आली. त्यांच्या हातचं जेवलेला एक म्हातारा, काठी टेकत, त्यांच्या पाया पडला. त्या अवघडून गेल्या होत्या. गर्दी पांगल्यावर त्या तात्यांकडे वळल्या.

"एवढं होतं मनात, तर तेव्हा बोलायला काय झालं होतं?"

तात्यांनी पाटी पुढे ओढली, खडू शोधला, आणि लिहिलं, 'तू बसलीस कधी?'

मावशींनी वाचलं. पदराने पाटी पुसली आणि त्यांना परत दिली. मग त्या पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

मी त्या माणसांची कुणी नव्हे. पण त्या पटांगणात उभी असताना मला इतका अभिमान वाटत होता की जणू माझ्याच घरचं काही तरी होतं. वैद्य गिरगावहून आले होते, ते मागे उभे होते, आणि आपल्या चष्म्याच्या काचा पुन्हा पुन्हा पुसत होते.

सोमवारी सकाळी आम्ही काळाचौकीच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. सामान अजून पोत्यांत होतं. गॅस जोडायला माणूस आला होता, त्याला मावशींनी दाराबाहेर थांबवलं होतं. आधी खोकं लावा, मग गॅस, असं त्यांचं म्हणणं. शुभांगीबाईंनी खोकं लावलं. दिवा लागल्यावर मावशींनी त्या माणसाला आत घेतलं.

घरी

समितीपुढे मी सगळं सांगितलं, बिघाडासकट. अण्णांनी विचारलं की कुणी मजकूर बदलला तर? मी ठशाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, तीनही घरं एकदम बंद पडली तर? मी म्हटलं, माझ्या डोळ्यांदेखत पडली, आणि मी मासळी बाजारात आपटले. म्हणून आपण चार घरं ठेवू, आणि चौथं घर पुराच्या पाण्यापासून लांब, गावाबाहेरचं असेल. मी हो म्हणते.

त्यावर अण्णा म्हणाले की त्यांचं घर टेकाडावर आहे आणि त्यांच्या दिवाणखान्यात एक प्लग मोकळा आहे.

आता गावात अकरा घरं आहेत. चौथ्या प्रती मुंबईच्या एकोणीस घरांनी ठेवून घ्यायचं कबूल केलं, आणि त्यांचे तुकडे आमच्याकडे येतात. वाळवलेले कागद आम्ही पुन्हा एकेक करून कॉम्प्युटरवर घेतो आहोत. पहिली शंभर पानं गेल्या आठवड्यात गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी मावशींचा फोन आला. शुभांगीबाईंनी त्यांना सांगितलं होतं की तुमच्या गावाकडचं काही तरी तुमच्या खोक्यात आलंय. काय आलंय, ते त्यांना हवं होतं.

मी सांगितलं की नक्की नाही सांगता येत. एखाद्या जुन्या वृत्तपत्राच्या पानाचा तुकडा असेल. बाजारभाव असतील, नाटकाची जाहिरात असेल. एकट्या तुकड्यावरून वाचताही येणार नाही.

"काय का असेना," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडे आलंय ना? नीट राहील."